रामाकोन्याचा पोळा आणि आकड्यांचा खेळ

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की सावनेर, केळवद आणि मग सातनूरचा नाका येतो. नाका ओलांडला की दुकानांच्या पाट्या हिंदीत होतात. बसमधली बोली मात्र बदलत नाही. पुढे सौंसर, आणि सौंसरच्या पुढे रामाकोना. त्याच्याही पुढे गेलात तर सिल्लेवानीचा घाट चढून उमरानाला आणि छिंदवाडा. घाटाच्या वर हिंदी आणि घाटाच्या खाली मराठी, असा आमच्या आजोळचा साधा भूगोल आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. नागपूर मध्य प्रदेशातून निघालं आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. सौंसर-पांढुर्णा भागातली मराठी माणसं त्यामुळे कागदावर हिंदी राज्याची आणि घरात वऱ्हाडी-नागपुरी, अशी झाली. ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा आहे आणि सौंसर तहसील त्यातच आली. आपल्या मासिकाचे बरेच वाचक इंदूर, भोपाळ, जबलपूरचे. त्यांना ग्वाल्हेर-इंदूरची संस्थानी मराठी माहीत असते, पण ही शेतकऱ्यांची, संत्र्याच्या बागांची आणि कापसाच्या गाड्यांची मराठी फार थोड्यांनी ऐकलेली असते. जामसावळीच्या झोपलेल्या मारुतीला जाताना तुम्ही या रस्त्यावरून गेला असाल. तेव्हा टपरीवर चहाला थांबून कान दिला असता तर ती ऐकू आली असती.

मी मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, पोळ्याला रामाकोन्याला गेले. मामांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "बाई, या वर्षी ये. मी काही आता फार पोळे पाहात नाही." अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस असं म्हणाला की तिकीट काढावंच लागतं.

पूर्वी या गावाला यायचं तर नागपूरच्या इतवारीहून छोट्या गाडीत बसायचं. नॅरोगेज. तिचा वेग इतका निवांत की चढावर मुलं उतरून बोरं तोडून परत चढत, असं प्रत्येक मामेभाऊ सांगतो, आणि प्रत्येकाने ते स्वतः केलेलं असतं! २०१५ च्या अखेरीस ती गाडी बंद झाली. आता ब्रॉडगेज आहे, विजेच्या तारा आहेत. मामांना नव्या गाडीचं कौतुक आहे, पण आठवण निघाली की ती जुन्याच गाडीची. आणि त्या आठवणीत एक गोष्ट अशी होती जी मी पंचावन्न वर्षांत कधी ऐकली नव्हती.

"सकाळच्या गाडीनं आकडा ये," मामा म्हणाले.

आकडा म्हणजे मटक्याचा. माझे मामा, कपाळाला अष्टगंध लावणारे, एकादशी करणारे, तरुणपणी मटका लावत! मामी आतून पुरण वाटता वाटता म्हणाल्या, "सांगा, सांगा. भाचीलेही मालूम होऊ द्या."

मटक्याची कुळकथा मोठी मजेशीर आहे, आणि तिचा धागा थेट आमच्या काळ्या मातीपर्यंत येतो. मुंबईत आधी जो आकडा जुगार चालायचा तो कापसाच्या भावावर. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमध्ये कापसाचा भाव उघडला किती आणि बंद झाला किती, हे टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कॉटन एक्स्चेंजला कळे, आणि त्या आकड्यांवर पैसे लागत. उघडणारा आकडा म्हणजे 'ओपन' आणि बंद होणारा म्हणजे 'क्लोज'. कापूस गेला, पण हे शब्द मटक्यात राहिले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून येणारे आकडे थांबले. मग कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये स्वतःचे आकडे काढायला सुरुवात केली. आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यातून निघत म्हणून मटका. पुढे मडकं जाऊन पत्ते आले, तरी नाव तेच. खत्रींवर बेतलेली भूमिका 'धर्मात्मा' या १९७५ च्या सिनेमात प्रेमनाथने केली, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.

हिशोब सोपा होता. शून्य ते नऊमधले तीन आकडे काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि शेवटचा अंक घ्यायचा. ५, ३ आणि ६ निघाले तर बेरीज १४, म्हणजे आकडा ४. एका अंकावर लावलं आणि लागलं तर नऊपट पैसे, ओपन आणि क्लोजची जोडी लागली तर नव्वदपट. मामा चार आणे लावत. लागले तर सव्वादोन रुपये. दहात एक संधी आणि नऊपट पैसे, म्हणजे दर दहा रुपयांमागे एक रुपया मटकेवाल्याच्या घरी जाणारच. हे गणित मामांना तेव्हाही कळत होतं. सातवी पास माणूस, पण कापसाच्या मोजमापात त्यांना कोणी फसवू शकत नसे. तरी लावायचे.

रतनचा आकडा रात्री मुंबईत निघायचा. नागपूरला तो टेलिफोनवरून पोचायचा, आणि आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी, छोट्या गाडीत बसून. गाडी उशिरा आली की आकडाही उशिरा. स्टेशनाबाहेर चार-पाच जण दातुन चघळत उभे राहात आणि उतरणारा ओळखीचा माणूस नुसती बोटं दाखवून पुढे जाई. मामांनी एक किस्सा सांगितला. एका रात्री सौंसरच्या कुणाला तरी ट्रंक कॉलवर आकडा आधीच कळला. तो अंधारात सायकल मारत रामाकोन्याला आला, चिठ्ठी लिहिणाऱ्याला झोपेतून उठवलं आणि तोच आकडा लावून गेला. सकाळी गाडी आली तेव्हा सगळं उघड झालं. "मंग?" मी विचारलं. "मंग काय! पैसे नाही भेटले अन् सायकलही ठेवून घेतली."

मला हा किस्सा नुसता गमतीचा वाटला नाही. घडलेली गोष्ट आणि तिची बातमी यांच्यामध्ये जी फट असते, तिच्यात सगळी पैज मांडलेली असते. त्या काळी ही फट एका रात्रीची होती, म्हणून सायकलवालाही तिच्यात शिरू शकला. पुढची पन्नास वर्षं यंत्रं ही फट बुजवत राहिली, आणि जिथे एखादा क्षण उरला तिथेही कुणी ना कुणी शिरत राहिला.

खेळांवरचा सट्टा आमच्या बाजूला नंतर आला. रेडिओवर क्रिकेट होतं, बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन मामांनी ऐकलेलं आहे. पण त्यावर लागायचा तो चहा, फार तर कोंबडी. १९८३ चा विश्वचषक आणि रंगीत टीव्ही यांनी चित्र पालटलं. ३१ ऑक्टोबर १९८७ ला नागपूरच्या व्हीसीए मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध रिलायन्स कपचा सामना झाला. चेतन शर्माची हॅटट्रिक, आणि सुनील गावसकरचं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतक. आमच्या मोठ्या मामेभावाने तो सामना सौंसरला एका दुकानाच्या टीव्हीवर पाहिला. तो म्हणतो, त्या गर्दीत त्याने पहिल्यांदा 'भाव' हा शब्द कापसाशिवाय दुसऱ्या कशासाठी ऐकला.

हा भाव काय असतो हे मला दादानेच समजावलं. आपल्यासारख्यांना ही भाषा माहीत नसते, म्हणून थोडक्यात लिहिते. समजा, जिंकेल असं वाटणाऱ्या संघाचा भाव '४०–४२' आहे. त्या संघावर हजार रुपये 'लावले' आणि तो जिंकला तर चारशे मिळणार, हरला तर हजार गेले. उलट बाजूने 'खाल्ले' तर तो संघ हरल्यावर हजार मिळतील, जिंकल्यावर चारशे वीस द्यावे लागतील. चाळीस आणि बेचाळीसमधले दोन पैसे बुकीचे. सामना जसा फिरतो तसा भाव फिरतो. शिवाय 'सेशन' वेगळं. पहिल्या सहा षटकांत धावा किती होतील, यावर हो किंवा नाही. भाजीबाजाराची आणि कापसाच्या मंडईची सगळी शब्दसंपत्ती इथे आली आहे. बुकीवर भार जास्त झाला तर तो वरच्या मोठ्या बुकीकडे 'उतारा' करतो, जसा छोटा व्यापारी मोठ्याला माल देतो.

एसटीडी-पीसीओ आले तसे आकडे गाडीने यायचे बंद झाले. मग लँडलाइनवर 'डब्बा' आला. पैसे भरून एक लाइन घ्यायची आणि फोनचा स्पीकर चालू ठेवायचा, दिवसभर एक कंटाळलेला आवाज भाव सांगत राहायचा. नव्वदीच्या उत्तरार्धात मोबाइल आला आणि बुकीला खोलीची गरज उरली नाही. ७ एप्रिल २००० ला दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कप्तान हॅन्सी क्रोनिएचं फोनवरचं संभाषण जाहीर केलं, तेव्हा सगळ्या देशाला कळलं की ज्या फोनवर भाव फिरतो त्याच फोनवर सामनाही फिरवता येतो. रामाकोन्यात त्या उन्हाळ्यात काय झालं? दादा म्हणाला, "आठ दिवस कोणी लावलं नाही. नवव्या दिवशी लागलं."

ती फट मात्र तेव्हाही होती, आता सेकंदांची. टीव्हीवर चेंडू दिसतो तो उपग्रह फिरून, काही क्षण उशिरा. मैदानात बसून फोनवर आधी सांगणारा माणूस असेल तर त्याला पुढचा चेंडू माहीत असतो. हे फक्त आपल्याकडे चालतं असं नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन टेनिसमध्ये एका तरुण इंग्रजाला पकडलं होतं. कपड्यांत लपवलेल्या यंत्राचं बटण दाबून तो गुण कळवत असे. मामांना हे सांगितलं तर ते खूश झाले. "म्हंजे सायकलवालाच!"

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे मळले. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बैल तोरणाखाली आले. झुली, बाशिंगं, शिंगांना रंग, झडत्या म्हणणारे लोक. मात्र बैल थोडे. मी लहान असताना तोरणाखाली जागा पुरत नसे, आता ट्रॅक्टर जास्त आणि जोड्या कमी. आमच्या घरी एकच जोडी उरली आहे, तीही मामांच्या हट्टापायी. ती पूर्वी शंकरपटात पळायची. पट म्हणजे आमच्या विदर्भाकडचा बैलांच्या धावेचा खेळ. छकडीवर धुरकरी उभा आणि जोडी सुसाट. तळेगाव दशासरचा पट सगळ्या वऱ्हाडात गाजलेला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये वेगळा कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो कायदा योग्य ठरवला. हा सगळा खटला महाराष्ट्र, तामिळनाडू आणि कर्नाटकच्या कायद्यांचा. त्यामुळे सातनूर नाक्याच्या त्या बाजूचा बैल पळू शकतो आणि आमचा नुसता हंबरतो, असं मामा म्हणतात.

पटातही पैज असायचीच, नाकारण्यात अर्थ नाही. पण ती कशी? दोन जोड्यांचे मालक समोरासमोर, पैसे तिसऱ्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात. आधी निकाल डोळ्यांनी, म्हणून भांडणं. मग स्टॉपवॉच आलं आणि आता इलेक्ट्रॉनिक टायमर, सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारा. यंत्राने इथे भांडण कमी केलं, हेही सांगायला हवं. यंत्र आलं की सगळं बिघडलंच, असं लिहिणं सोपं असतं पण खरं नसतं.

पोळ्याच्या रात्री आमच्या सगळ्या पट्ट्यात पत्ते बसतात. त्या दिवशी पोलीसही फिरतात. जुगाराचा मूळ कायदा १८६७ चा. अड्ड्यात सापडलेल्याला शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा महिनाभर कैद, असं त्या मूळ कायद्यात आहे. शंभर रुपये त्या काळी फार मोठी रक्कम होती, हे लक्षात घ्या. यंदा मी मुद्दाम पाहिलं. मामांच्या गल्लीत पत्त्यांचा एकच डाव होता आणि त्यात सगळे साठीच्या पुढचे. बाकी पोरं पारावर, कट्ट्यावर, मोटारसायकलवर बसलेली, माना खाली, तोंडावर निळा उजेड.

योगायोग असा की त्याच दिवशी, २२ ऑगस्ट २०२५ ला, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. लोकसभेत २० तारखेला, राज्यसभेत २१ तारखेला, आणि पोळ्याला सही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पारावरच्या पोरांना हे माझ्याआधी कळलं होतं, कारण ड्रीम इलेव्हनच्या पैशांच्या स्पर्धा बंद झाल्या होत्या. २००८ मध्ये सुरू झालेली ही कंपनी २०२० मध्ये २२२ कोटी रुपये देऊन आयपीएलची मुख्य प्रायोजक झाली होती, आणि २०२३ पासून तिचं नाव भारतीय संघाच्या छातीवर होतं. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, यावर वर्षानुवर्षं न्यायालयात वाद चालला. घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हणणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल त्यात पुनःपुन्हा वापरला गेला. एका मुलाला मी विचारलं, "बंद झालं, मग आता?" तो हसला. "आत्या, ते त लहान पोट्ट्यांचं होतं. आयडी कुठी बंद झाली?"

आयडी. हा शब्द मी त्या दोन दिवसांत इतक्यांदा ऐकला की आधार कार्डाचं काही आहे असंच मला वाटत होतं. आयडी म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचं खातं. व्हॉट्सॲपवर नंबर येतो, त्यावर संदेश पाठवायचा, पैसे यूपीआयने टाकायचे आणि नाव-पासवर्ड मिळतो. २००० मध्ये लंडनमध्ये बेटफेअर नावाची कंपनी सुरू झाली. तिने गिऱ्हाइकांनाच एकमेकांविरुद्ध पैज लावायची सोय दिली. एका बाजूला निळा खण, दुसऱ्या बाजूला गुलाबी. आयडीच्या साइटवर तोच निळा-गुलाबी तक्ता असतो. दादाने पाहिल्याबरोबर ओळखला. "हे त लावणं आन् खाणंच आहे!"

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या तरुणांनी दुबईत बसून चालवलेलं महादेव ॲप आपण बातम्यांत वाचलं आहे. त्याचे 'पॅनेल' गावोगाव वाटलेले होते, फ्रँचायझीसारखे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासह २२ ॲप आणि साइट बंद केल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियात घातलेल्या छाप्याची बातमी होती. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार केली होती. एवढा पैसा एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो तो कोणत्या वाटेने? या प्रश्नाचं उत्तर मला आमच्याच घरात मिळालं.

पोळ्याच्या जेवणानंतर दादाचा धाकटा मुलगा दिसेना. वहिनी पुरणपोळी वाढताना रडल्या होत्या, ते धुरामुळे नव्हतं. रात्री मामांनी मला ओसरीवर बसवून सांगितलं. घरची संत्र्याची बाग, आंबिया बहार. यंदा फळ चांगलं होतं. व्यापाऱ्याने झाडावरचा माल ठरवला आणि दोन लाखांचा इसार दिला. दादाचं बँकेचं काम धाकटाच पाहतो, म्हणून इसार त्याच्या खात्यात घेतला. चार दिवसांनी खतासाठी पैसे काढायला गेले, तर खातं गोठवलेलं. बँकेतले म्हणाले, दूरच्या एका राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे. तुमच्या खात्यात फसवणुकीचा पैसा आला आहे.

पोराने सट्टा लावला नव्हता. त्याने खातं भाड्याने दिलं होतं.

हे मला समजायला वेळ लागला. एका ओळखीच्या मुलाने त्याला विचारलं, तुझं खातं पडूनच असतं ना? पासबुकाचा फोटो दे, एटीएम कार्ड दे, एक नवं सिम तुझ्या नावावर घेऊन दे. महिन्याला पाच हजार. आयडीवाल्यांना असे हजारो खाते लागतात. लावणाऱ्यांचे पैसे एका खात्यात येतात, तासाभरात चार खात्यांत फुटतात, तिथून आणखी दहांत. कुणी हरलेला माणूस सायबर पोलिसांकडे तक्रार करतो, तेव्हा त्या सगळ्या साखळीवर कुलूप पडतं. ज्याच्या नावावर खातं असतं त्याचं नाव, फोटो, गाव पोलिसांकडे असतं. चालवणाऱ्याचं नसतं. पोराला दोन महिन्यांचे दहा हजार मिळाले आणि इसाराचे दोन लाख अडकले. पीएम किसानचा हप्ता येणाऱ्या खात्यावर आपलं नाव नाही म्हणून दादा तेवढ्यापुरते वाचले.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या वेळी चार आणे लावाचे. हारले त घरी याचं, हात धुवाचे, जेवाचं. मटकेवाल्याले मी ओळखो, तो मले ओळखे. उधारी झाली त तो बाबाजीले सांगीन ह्याचा भेव. आता हे कोनाले भ्यावं, बाई? समोर कोनीच नाही."

मामींना हे रोमँटिक वाटलं नाही. त्या दारातूनच म्हणाल्या, "चार आणे! माही पाटली कुठी गेली, थे सांगा तिले." पाटली १९७८ मध्ये गेली होती. मामा तंबाखूची डबी शोधायला लागले. त्या क्षणापर्यंत मीही जुन्या मटक्याकडे जरा प्रेमानेच बघत होते, हे कबूल करायला हरकत नाही. जुनी सवय गोड दिसते ती पुरुषांच्या आठवणीत. ज्या घरातून दागिना गेला, त्या घरातली बाई तारीख विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार होती. जांब नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवायचं, त्यावर झेंडा, आणि पांढुर्णा-सावरगावची माणसं एकमेकांवर दगड मारत झेंड्यासाठी झुंजतात. रस्ता बंदोबस्ताने भरलेला. आम्ही त्या दिशेला गेलोच नाही. दादा, धाकटा आणि मी सौंसरला एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो. धाकटा मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसला होता. वय एकवीस. आयटीआय झालेला, बोरगावच्या कारखान्यात कंत्राटी काम मिळेल म्हणून वाट पाहणारा. मी त्याला रागावले नाही. विचारलं एवढंच, "तुझ्या ओळखीत आणखी किती जणांनी दिलंय खातं?"

तो बोटांवर मोजू लागला. दुसऱ्या हातावर गेला तेव्हा दादाने गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून पाणी प्याला.

वकिलांनी जे सांगितलं ते वाचकांच्या उपयोगाचं आहे म्हणून लिहिते. पहिलं, खातं, कार्ड, सिम दिलं असेल तर आधी बँकेला लेखी कळवा, सिम बंद करा आणि ज्याला दिलं त्याच्याशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. पुरावा तोच. दुसरं, खातं गोठवणारं पोलीस ठाणं कोणतं आणि तक्रार क्रमांक काय, हे बँकेकडून लेखी घ्या. तिसरं, आलेला पैसा कष्टाचा आहे हे कागदाने दाखवा. आमच्याकडे इसारपावती होती, व्यापाऱ्याच्या सहीची, बागेच्या खसऱ्याचा क्रमांक असलेली. मामांनी हट्टाने कागदावर करून घेतलेली. आजकाल इसारही फोनवरच होतो. आपले पैसे फसवणुकीत गेले असतील तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितकं बरं. पैसा दहा खात्यांत फुटायच्या आत.

अर्ज पोराने स्वतः लिहिला, हिंदीत. शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे हिंदी सफाईदार. ज्याने खातं घेतलं त्याचं नाव लिहायचं की नाही, यावर तासभर गेला. तो मुलगा शेजारच्याच गावचा. त्याची आई वहिनींच्या माहेरची. शेवटी नाव लिहिलं. सही करताना पोर मला म्हणालं, "आत्या, त्यानंही आपलंच खातं पहिले देल्लं होतं."

मी २५ तारखेला परत निघाले. ब्रॉडगेजच्या गाडीने इतवारीला, खिडकीतून दोन्ही बाजूंना कापूस आणि संत्री. समोरच्या बाकावर एक गृहस्थ जुन्या सामन्याचा व्हिडिओ पाहत होते, त्याच्या मध्येच एका साइटची जाहिरात आली. कायद्याला तीन दिवस झाले होते.

सप्टेंबरात आशिया कप सुरू झाला तेव्हा भारतीय संघाच्या छातीवर कंपनीचं नाव नव्हतं. दादाचा फोन आला तो त्याच आठवड्यात. दूरच्या पोलीस ठाण्याने पोराला जबाबासाठी बोलावलं होतं. बाप-लेक जनरलच्या डब्यातून दीड दिवस प्रवास करून गेले, जबाब दिला, दोन रात्री धर्मशाळेत काढल्या. तक्रारदाराच्या वादातली रक्कम अडवून ठेवून बाकीचं खातं मोकळं करायला हरकत नाही, असं पत्र बँकेला जाईल, एवढं त्यांना सांगण्यात आलं. पत्र दिवाळीपर्यंत आलं नव्हतं. खताचे पैसे मामांनी एक बैल विकून दिले. जोडी फुटली म्हणून दुसराही विकावा लागला.

तोडणीच्या वेळी व्यापाऱ्याने उरलेली रक्कम देताना विचारलं, कुणाच्या खात्यात टाकू. मामींनी आपलं पासबुक पुढे केलं. तोडणीची मजुरी, पेट्या, गाडीभाडं, सगळं धाकट्याने वहीत लिहिलं, आणि दर संध्याकाळी मामी ती वही वाचून घेतात.